चमचाभर ‘भेसळ’ केलेली स्कॉच चाखायची कशी

बर्नसाइड, वॉर्डहेड, ऑल्डुनी, वेस्टपोर्ट, विल्यमसन. स्कॉटलंडात किंवा लंडनला एखाद्या बऱ्या व्हिस्कीच्या दुकानात इंडिपेंडंट बॉटलरवाल्या फळीसमोर उभे राहिलात तर ही नावं हमखास दिसतात, आणि मग फोन काढून नकाशावर ह्या डिस्टिलऱ्या शोधायला गेलात तर एकही सापडत नाही. (कॅम्बेलटाउनला एकेकाळी बर्नसाइड नावाची डिस्टिलरी होती खरी, पण ती बंद पडून शंभर वर्षं झाली, तिचा इथे काही संबंध नाही.) ही सगळी टोपणनावं आहेत. बर्नसाइडमध्ये बाल्व्हेनी असते, वॉर्डहेडमध्ये ग्लेनफिडिक, ऑल्डुनीमध्ये किनिनवी, वेस्टपोर्टमध्ये ग्लेनमोरंजी आणि विल्यमसनमध्ये लाफ्रॉइग. लेबलवर ह्यातलं काही लिहिलेलं नसतं, लिहिताच येत नाही, पण ह्या नादातल्या लोकांना ते पाठ असतं.

आता हे का करतात ते आधी सांगतो, कारण ते कळल्याशिवाय चाखण्यात अर्धी मजा जाते. स्कॉटलंडात डिस्टिलऱ्या एकमेकांना पिंपं विकतात, अदलाबदल करतात, कारण ब्लेंड करणाऱ्यांना दहा ठिकाणचा माल लागतो. ती पिंपं मग दलालांच्या हातात जातात आणि तिथून इंडिपेंडंट बॉटलरकडे, म्हणजे ज्यांची स्वतःची डिस्टिलरी असेल किंवा नसेल पण दुसऱ्याचं पिंप विकत घेऊन आपल्या नावाने बाटल्या भरतात अशांकडे. हा धंदा जुना आहे, केडनहेड १८४२ पासून आहे, एल्गिनचे गॉर्डन अँड मॅकफेल १८९५ पासून, सिग्नेटरी त्या मानाने कालची पोरं, १९८८ ची. बहुतेक डिस्टिलऱ्यांना आपलं नाव दुसऱ्याच्या लेबलवर गेलेलं चालतं. काहींना अजिबात चालत नाही. आपला ब्रँड, आपली किंमत, आपली चव कशी असावी हे आपणच ठरवणार, उगाच कुणी एक फालतू पिंप आपल्या नावावर खपवलं तर बदनामी आपली. म्हणून पिंप दाराबाहेर जाण्याआधी त्यात शेजारच्या डिस्टिलरीची थोडीशी मॉल्ट (म्हणजे नुसत्या मोड आणलेल्या सातूची व्हिस्की) टाकायची, म्हणायला चमचाभर, म्हणून ह्या बाटल्यांना ‘टीस्पून’वाल्या म्हणतात. बास. दोन डिस्टिलऱ्यांचा माल एकत्र आला की कायद्याने ती सिंगल मॉल्ट राहिली नाही, ब्लेंडेड मॉल्ट झाली, आणि डिस्टिलरीच्या नावाने ती सिंगल मॉल्ट म्हणून विकायचा प्रश्नच मिटला. देवगड हापूसच्या पेटीत मालकाने स्वतःच्या हाताने एक पायरी ठेवून द्यावी, म्हणजे पुढे कुणी ती पेटी ‘देवगड हापूस’ म्हणून विकू शकणार नाही, तसलाच प्रकार.

ह्यात सगळ्यात पुढे विल्यम ग्रँट अँड सन्स. डफटाउनला त्यांच्या तीन डिस्टिलऱ्या एकमेकींना खेटून आहेत, ग्लेनफिडिक (पहिली धार १८८७ च्या नाताळच्या दिवशी निघाली), बाल्व्हेनी १८९२ ची, आणि किनिनवी १९९० ची, त्यामुळे चमचा आणायला लांब जावं लागत नाही. ग्लेनमोरंजीकडे ग्लेन मोरे होती, २००८ मध्ये विकली, तोवर दोन्ही एकाच मालकाच्या, म्हणून वेस्टपोर्टमध्ये चमचा ग्लेन मोरेचा. आणि विल्यमसन हे नाव बेसी विल्यमसनवरून. ह्या बाई १९३४ मध्ये लाफ्रॉइगला उन्हाळ्यापुरत्या टायपिस्ट म्हणून आल्या आणि १९५४ मध्ये मालक वारला तेव्हा डिस्टिलरीच त्यांच्या नावावर झाली, हे आपल्याकडे सिरियलमध्ये दाखवलं तर लोक म्हणतील काहीही दाखवतात.

एक गंमत सांगतो आणि मग ग्लासाकडे वळू. २००३ मध्ये डियाजिओ ह्या दारूच्या बलाढ्य कंपनीने आपल्या कार्डू ह्या सिंगल मॉल्टची बाटली जवळपास तशीच ठेवून आत दुसऱ्या डिस्टिलऱ्यांचा माल मिसळायला सुरुवात केली आणि ‘सिंगल’च्या जागी ‘प्युअर मॉल्ट’ छापलं, सगळ्या स्कॉच इंडस्ट्रीत बोंबाबोंब झाली, आणि ओरडण्यात सगळ्यात पुढे होते हेच विल्यम ग्रँटवाले. डियाजिओला माघार घ्यावी लागली. पुढे २००९ चे स्कॉच व्हिस्की रेग्युलेशन्स आले, त्यात पाच प्रकार ठरले, सिंगल मॉल्ट, सिंगल ग्रेन, ब्लेंडेड मॉल्ट, ब्लेंडेड ग्रेन, ब्लेंडेड, आणि ‘प्युअर मॉल्ट’, ‘व्हॅटेड मॉल्ट’ हे शब्द लेबलवरून गेले. म्हणून आज बर्नसाइडवर ‘ब्लेंडेड मॉल्ट’ लिहिलेलं दिसतं आणि आपल्याकडचा माणूस ‘ब्लेंडेड’ वाचून बाटली परत ठेवतो. ठेवू नका. आपल्याला ब्लेंडेड म्हटलं की टीचर्स, ब्लॅक डॉग आठवतात, त्यात ग्रेन व्हिस्की, म्हणजे गहू-मक्यासारख्या धान्याची, असते. ब्लेंडेड मॉल्टमध्ये ग्रेनचा थेंब नसतो.

चमचा लागतो का चवीला?

नाही. हिशोब करूनच टाका एकदा. होग्सहेड म्हणजे साधारण २५० लिटरचं पिंप. चमचा ५ मिली धरा. म्हणजे पन्नास हजारात एक भाग. ७०० मिलीच्या बाटलीत हे आलं ०.०१४ मिली, ड्रॉपरचा एक थेंब ०.०५ मिलीचा असतो, म्हणजे अख्ख्या बाटलीत पाव थेंब. आता प्रत्यक्षात कुणी चमचा घेऊन पिंपावर वाकतं का, की टाकीतच बादलीभर ओततात, ते आत उभं राहून बघितल्याशिवाय कळणार नाही, आणि अगदी चमच्याच्या शंभर पट टाकलं तरी अर्धा लिटर २५० लिटरात, ०.२ टक्के. त्यामुळे कुणी नाक वर करून सांगायला लागला की ‘मला मागे थोडी ग्लेनफिडिक जाणवतेय’ तर त्याला अजून एक पेग द्या आणि विषय बदला.

मग चाखायचं काय? माझं स्पष्ट मत आहे की टीस्पूनवाली बाटली घेऊन ‘ही खरंच बाल्व्हेनी आहे का’ हे ओळखायचा खेळ खेळू नये, ते तुम्हाला आधीच माहितीय, त्यात काय ओळखायचं. खरी गोष्ट बघायची ती पिंपाची. डिस्टिलरी स्वतःची बाटली भरते तेव्हा शेकडो पिंपं एकत्र करून, बऱ्याचदा ४० टक्के अल्कोहोलवर आणून, गाळून, कधी कॅरमेलचा रंग देऊन दरवर्षी तीच चव देते. इंडिपेंडंटवाला एकच पिंप उघडतो आणि जे निघेल ते भरतो. त्यामुळे ओळखीच्या स्पिरिटचं (म्हणजे पिंपात भरतात त्या कोऱ्या दारूचं) एकेकटं, मेकअप न केलेलं पिंप कसं लागतं ते बघायची ही संधी, आणि ती बघायची तर शेजारी डिस्टिलरीची अधिकृत बाटली ठेवूनच बघायची. नुसती एकटी चाखलीत तर ‘छान आहे’ ह्यापलीकडे काही हाती लागणार नाही.

जोडी कुठली लावायची

इथे बरेच जण घोळ घालतात. बर्नसाइडच्या शेजारी बाल्व्हेनी डबलवूड १२ ठेवतात कारण तीच सगळीकडे मिळते. पण डबलवूड शेवटचे काही महिने शेरीच्या, म्हणजे एका स्पॅनिश वाइनच्या, पिंपात काढते आणि ४० टक्क्यांवर भरतात, आणि तुमची बर्नसाइड असते साध्या बर्बन (अमेरिकन व्हिस्कीच्या) पिंपातली, ५० च्या वरची. मग जो फरक लागतो तो शेरीचा आणि टक्क्यांचा, आणि लोक म्हणतात बघा इंडिपेंडंट किती वेगळी. जोडी लावताना पिंपाचा प्रकार सारखा धरा. बर्नसाइडसाठी बाल्व्हेनीची सिंगल बॅरल १२ फर्स्ट फिल (म्हणजे त्या पिंपात मुरलेली पहिलीच स्कॉच) मिळाली तर उत्तम, ती ४७.८ टक्क्यांवर असते, एकाच बर्बन पिंपातली. विल्यमसनसाठी लाफ्रॉइग १० कास्क स्ट्रेंग्थ, म्हणजे पाणी न घालता पिंपातून निघाली तशी भरलेली. वॉर्डहेडसाठी साधी ग्लेनफिडिक १२ चालून जाते पण तिच्यात शेरी पिंपंही असतात हे डोक्यात ठेवा.

पहिल्यांदाच करताय तर वेस्टपोर्ट आणि ग्लेनमोरंजी ओरिजिनल घ्या. ओरिजिनल पूर्ण बर्बन पिंपातली, कुठेही मिळणारी, आणि ग्लेनमोरंजीची दारू काढायची भांडी स्कॉटलंडात सगळ्यात उंच मानेची, पाच मीटरच्या वर, त्यामुळे स्पिरिट हलकं, फळांचं, संत्र्याच्या सालीचं. हलक्या स्पिरिटवर पिंपाने काय केलं ते चटकन दिसतं. तिसरा ग्लास हवाच असेल तर मंकी शोल्डर ठेवा, ती आपल्याकडेही मिळते. तीही ब्लेंडेड मॉल्ट, ग्रँटवाल्यांचीच, २००५ ला बाजारात आली तेव्हा ग्लेनफिडिक, बाल्व्हेनी, किनिनवी ह्या तिघींची, पण तिच्यात मिसळणं हाच हेतू आहे, चमचा नाही. लेबलवर प्रकार तोच, काम अगदी उलटं. हे एकदा जिभेला कळलं की ‘ब्लेंडेड मॉल्ट’ हा शब्द चवीबद्दल काहीच सांगत नाही हे पटतं.

पूर्ण बाटली घ्यायलाच हवी असं नाही. युकेत बरीच दुकानं ३ किंवा ५ सेंटिलिटरचे सॅम्पल विकतात आणि दोघांना एका संध्याकाळी तेवढं पुरतं. भारतात परत येताना माणशी २ लिटर ड्युटी-फ्री आणता येते, त्यात एक अधिकृत आणि एक टीस्पूनवाली अशी जोडी बसते आणि वर जागाही उरते. ७० टक्क्यांच्या वरची दारू विमानात चालत नाही, पण ह्या बाटल्या तिथवर जात नाहीत. आणि महाराष्ट्रात राहत असाल तर व्हिस्कीसाठी वयाची २५ पूर्ण लागतात आणि परमिट, हे माहिती असेलच.

लेबल आधी, बूच नंतर

इंडिपेंडंट बाटलीचं लेबल नीट वाचा, इथे माहिती ठासून भरलेली असते. समजा लिहिलंय: वेस्टपोर्ट, ब्लेंडेड मॉल्ट, ‘रिफिल होग्सहेड’, डिस्टिल्ड अमुक साली, बॉटल्ड तमुक साली, पिंप नंबर, एकूण बाटल्या, ५६ टक्के, ‘नॉन चिल फिल्टर्ड’ (थंड करून न गाळलेली), ‘नॅचरल कलर’. रिफिल म्हणजे पिंपात आधी किमान एकदा स्कॉच मुरून गेलीय, लाकडाचा जोर कमी झालाय, त्यामुळे स्पिरिट जास्त दिसणार, व्हॅनिला कमी. फर्स्ट फिल असतं तर उलट. बॅरल साधारण २०० लिटरचं, होग्सहेड २५०, बट ५०० च्या आसपास, आणि पिंप जितकं लहान तितकं लाकूड जास्त लागणार. वय वाचताना आपल्या हवेचा हिशोब लावू नका. स्कॉटलंडात पिंपातून वर्षाला साधारण २ टक्के उडतं, गोव्यात पॉल जॉनच्या गोदामात त्याच्या कितीतरी पट, म्हणून आपल्याकडची सहा-सात वर्षांची मॉल्ट लाकडाने गच्च असते आणि तिकडची वीस वर्षांची रिफिलमधली अजून फिक्या गवताच्या रंगाची असू शकते. बाटल्यांचा आकडाही बघा, २५० च्या आसपास असेल तर अख्खं एक होग्सहेड, ८० च असतील तर पिंप वाटून घेतलंय किंवा बरंच उडालंय. रंग गडद म्हणजे जुनी, हे डोक्यातून काढून टाका.

मांडणी

ग्लास ट्युलिपच्या आकाराचा, खाली फुगीर आणि वर निमुळता, ग्लेनकेर्न असेल तर उत्तम, नसेल तर वाइनचा लहान ग्लास. रुंद तोंडाचा ‘व्हिस्की ग्लास’ म्हणून विकतात तो बर्फासाठी ठीक, वासासाठी बिनकामाचा. दोन्ही ग्लास एकसारखे हवेत. प्रत्येकात १५ ते २० मिली, पेगभर नाही.

खोलीत उदबत्ती नको, अत्तर नको, आणि आत स्वयंपाकघरात फोडणी चालू असेल तर कार्यक्रम पुढे ढकला, लसणाच्या फोडणीपुढे वीस वर्षांच्या बाल्व्हेनीचंही काही चालत नाही. चखणा नंतर. शेव, मसाला शेंगदाणे, कांदा-लिंबू हे सगळं चाखून झाल्यावर, मधे हवंच असेल तर साधा पाव किंवा मारी बिस्कीट आणि पाणी. जेवणाआधी अर्धा तास बरं पडतं, तेव्हा भूकही असते आणि नाकही जागं असतं.

तापमानाबद्दल कुणी बोलत नाही पण आपल्याकडे तो मोठा विषय आहे. तिकडे ‘रूम टेम्परेचर’ म्हणजे १८-२० डिग्री. पुण्यात एप्रिलमध्ये रूम टेम्परेचर म्हणजे ३५, नागपूरचं तर बोलायलाच नको, आणि त्या तापमानाला ५६ टक्क्यांची व्हिस्की ग्लासात ओतली की नुसता अल्कोहोलच नाकात घुसतो. बर्फ टाकू नका, बर्फाने वास मरतो. बाटली तासभर एसीच्या खोलीत ठेवा, ग्लास पण तिथेच ठेवा, एवढं पुरे.

नाक

ओतल्यावर लगेच उचलू नका, दहा मिनिटं जाऊ द्या, वय जास्त असेल तर अजून थोडा वेळ. मग ग्लास आधी हनुवटीपाशी आणा, तिथे काय येतं ते बघा, मग हळूहळू वर. नाक ग्लासात खुपसायचं नाही. तोंड किंचित उघडं ठेवून वास घ्या, चुरचुर एकदम कमी होते, ही एक युक्ती जरी लक्षात ठेवलीत तरी हे सगळं वाचल्याचं सार्थक. दोन्ही नाकपुड्यांनी आलटून पालटून घ्या, बहुतेक वेळा एक जास्त चालत असते. ग्लास गरगर फिरवू नका, नुसता तिरका करून परत सरळ करा आणि आतल्या काचेवर तेलासारखे ओघळ कसे उतरतात ते बघा, वेस्टपोर्टचे जाड आणि सावकाश उतरतील, ४० टक्क्यांवरच्या ओरिजिनलचे पातळ आणि भराभर. नाक थकलं की आपल्याच शर्टाच्या बाहीचा वास घ्या, नाक ताळ्यावर येतं.

आणि आता जे सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते. वासांना नावं देताना इंग्लिश पुस्तकातली नावं उसनी घेऊ नका. हेदर, गॉर्स, मार्झिपॅन, गूजबेरी असलं लिहितात लोक ज्यांनी आयुष्यात हेदरचं फूल बघितलेलं नाही. तुमच्या डोक्यात जे वास साठलेत तेच वापरा, आपल्याकडे त्याची कमी नाही. जुन्या बर्नसाइडमध्ये मध येतो, त्यात थोडं पिवळं मेण, चिकू, खारीक, आणि मागे जायफळ. ग्लेनमोरंजीत संत्र्याची साल, ओल्या नारळाचं खोबरं, ताजा पेढा, थोडी सुंठ. शेरी पिंप असेल तर मनुका, काकवी, सुकं अंजीर, अक्रोडाची साल. विल्यमसनला तर मराठी माणसाने इतर कुणाहीपेक्षा चांगलं लिहायला हवं: होळीची दुसऱ्या दिवशीची राख, दवाखान्यातलं टिंक्चर आयोडीन, बंदरावरचं डांबर लावलेलं दोरखंड, आणि सुकट. सुकट हा शब्द कुठल्याही इंग्लिश टेस्टिंग नोटमध्ये नाही आणि लाफ्रॉइगबद्दल एवढा नेमका शब्द दुसरा नाही. पाच-सहा शब्द झाले की थांबा. वीस वासांची यादी लिहिणारा माणूस वास घेत नसतो, यादी लिहीत असतो.

घोट, आणि पाण्याचा हिशोब

पहिला घोट अगदी लहान, अर्धा चमचा, तो चवीसाठी नाहीच, जिभेला सवय व्हायला आहे. दुसरा घोट घेऊन तोंडात आठ-दहा सेकंद फिरवा, हिरड्यांपर्यंत जाऊ द्या, गिळा, आणि नाकाने श्वास बाहेर सोडा. तीन गोष्टी बघायच्या. जिभेवर वजन किती आहे, पाण्यासारखी की दाट. मधे चव बदलते का, म्हणजे गोडाने सुरू होऊन मसाल्याकडे जाते का की आहे तशीच राहते. आणि गिळल्यावर किती वेळ टिकते आणि शेवटी तोंडात काय उरतं, कारण थकलेलं किंवा अति लाकडी पिंप इथेच पकडलं जातं, शेवटी चहाच्या चोथ्यासारखं कडू-तुरट उरतं.

आता पाणी. ‘व्हिस्कीत पाणी घालतात का’ ह्यावर भांडणाऱ्यांना भांडू द्या, कास्क स्ट्रेंग्थमध्ये पाणी घालायचंच, ब्लेंडर मंडळी स्वतः घालूनच चाखतात. २०१७ मध्ये स्वीडनच्या लिनियस युनिव्हर्सिटीतल्या दोघांनी कॉम्प्युटर सिम्युलेशन करून दाखवलं की ग्वायकॉल, म्हणजे धुराच्या वासाला जबाबदार असलेला एक रेणू, ४५ टक्क्यांपर्यंतच्या अल्कोहोलमध्ये पृष्ठभागाजवळ राहतो, आणि ६० च्या आसपास गेलं की अल्कोहोल त्याला खाली धरून ठेवतं. पाणी घातल्यावर वास उघडतो हा अनुभव होताच, त्यामागचं कारण मिळालं.

किती घालायचं ते अंदाजाने नको, तुलना करायचीय ना, मग टक्के सारखे करा. मेडिकलमधून ५ मिलीची सिरिंज आणा, सुई काढून टाका. सूत्र सोपं: ग्लासातले मिली गुणिले बाटलीवरचे टक्के भागिले हवे ते टक्के, त्यातून आधीचे मिली वजा. २० मिली वेस्टपोर्ट ५६ टक्क्यांची, ती ओरिजिनलसारखी ४० वर आणायचीय: २० × ५६ ÷ ४० = २८, म्हणजे ८ मिली पाणी. पण एकदम ८ घालू नका. आधी ४ घाला, ती झाली ४६-४७ च्या आसपास, वास घ्या, घोट घ्या, लिहा, मग उरलेलं ४ घाला. सिरिंजने सावकाश सोडलंत आणि ग्लास उजेडाकडे धरलात तर पाणी आणि व्हिस्की मिसळताना तेलकट वेटोळी दिसतात, आणि ४६ च्या खाली गेली की नॉन चिल फिल्टर्ड व्हिस्की किंचित गढूळ होते. घाबरू नका, ती खराब नाही. थंड करून गाळताना जी मेदाम्लं आणि एस्टर काढून टाकतात ती ह्यात शिल्लक आहेत म्हणून ढग येतो, आणि शेजारची अधिकृत ४० वाली काचेसारखी लख्ख. जिभेवरचं वजन कुठून येतं त्याचं उत्तर तिथे डोळ्यासमोर असतं.

पाणी कसलं? एडिनबरा-ग्लासगोत नळाचं पाणी इतकं मऊ असतं की तेच घालतात. आपल्याकडे बोअरचं नको, नळाचं क्लोरीनच्या वासाचं नको, आरओचं किंवा कमी क्षारांचं बाटलीतलं घ्या.

आता टक्के सारखे झाल्यावर दोन्ही ग्लास परत घ्या. बऱ्याचदा इथे गंमत होते, मघाशी जी इंडिपेंडंट ‘दमदार’ वाटत होती ती ४० वर आल्यावर साधी निघते, म्हणजे दम नुसता अल्कोहोलचा होता. आणि कधी उलट, ४० वर पण ती दाट राहते, चव बदलत राहते, ते पिंप खरं चांगलं. पैसे कशाचे दिले ते इथे कळतं.

डोळे झाकून

वरचं सगळं बाटली समोर ठेवून केलंत की मन आधीच ठरवून बसतं, विशेषतः एक बाटली दुसरीच्या तिप्पट महाग असेल तर. म्हणून तीन ग्लासांची परीक्षा करा. घरातल्या कुणालातरी, न पिणारं असेल तर उत्तमच, सांगा की दोन ग्लासांत एक आणि तिसऱ्यात दुसरी ओत, टक्के सारखे करून, आणि तळाला चिकटपट्टीवर नाव लिही. तुम्ही वेगळा ग्लास शोधायचा. एकदा बरोबर आलं म्हणून मिशीला पीळ देऊ नका, डोळे मिटून बोट ठेवलं तरी तीनातून एकदा बरोबर येणारच. चार-पाच वेळा, वेगवेगळ्या दिवशी करा. नेहमी सापडत असेल तर पिंपात खरंच काहीतरी वेगळं आहे. सापडत नसेल तरी ती हार नाही, तुम्ही कमी पैशात जवळजवळ तीच व्हिस्की पिऊ शकता हे कळलं, ही तर आनंदाची बातमी.

किमतीचं तेवढं बोलतोच. पूर्वी टीस्पूनवाल्या स्वस्त पडायच्या कारण नाव नसायचं. आता सगळ्यांना नावं माहीत झालीत आणि ‘बर्नसाइड’ हाच एक ब्रँड होऊन बसलाय, आणि ज्या नावासाठी पैसे द्यायचे नव्हते त्याच्या टोपणनावासाठी लोक पैसे देतायत. आणि सगळ्याच नाव नसलेल्या बाटल्या टीस्पूनवाल्या नसतात हेही बघा. ‘सिक्रेट स्पेसाइड’, ‘ऑर्कनी’ वगैरे लिहिलेल्या बऱ्याचशा सिंगल मॉल्टच असतात, फक्त कराराने नाव छापायला बंदी असते. ओळखायचं सोपं, लेबलवर ‘सिंगल मॉल्ट’ असेल तर चमचा नाही, ‘ब्लेंडेड मॉल्ट’ असेल आणि एकच पिंप, एकच पिंप नंबर असेल तर जवळपास नक्की चमचा.

क्रम लावताना धूरवाली नेहमी शेवटी. आयला बेटावरची (हसू नका, उच्चार तसाच आहे) विल्यमसन आधी घेतलीत तर पुढचा अर्धा तास सगळ्याच व्हिस्क्या सुकट. एका संध्याकाळी चार ग्लास खूप झाले, त्यापुढे जीभ खोटं बोलायला लागते. थुंकायला एक भांडं ठेवा, लाज वाटायचं कारण नाही, व्यवसायात चाखणारे दिवसभर थुंकतच असतात. गाडीचा विषय तर काढूच नका, स्कॉटलंडातली मर्यादा २०१४ पासून इंग्लंडपेक्षाही कडक आहे, रक्ताच्या १०० मिलीला ५० मिलिग्रॅम, आणि आपल्याकडे ३०.

ग्लास रात्री धुऊ नका. सकाळी वाळलेल्या ग्लासाचा वास घ्या, अल्कोहोल उडालेला असतो आणि लाकूड तेवढं मागे राहतं. फर्स्ट फिलच्या ग्लासात व्हॅनिला आणि करवंटी, रिफिलच्या ग्लासात सातूचं पीठ आणि सुकं गवत, विल्यमसनच्या ग्लासात काय ते सांगायला नको, घरचे आपणहून सांगतील.

बाटली उभीच ठेवायची, वाइनसारखी आडवी नाही, एवढ्या टक्क्यांचं अल्कोहोल बुचाला खातं. उन्हापासून लांब, गॅसच्या ओट्यापासून लांब, देव्हाऱ्याखालच्या कपाटात ठेवली तर घरात जे काय होईल ते तुमचं तुम्ही बघा. पहिला पेग काढल्यावर चव थोडी कोंडलेली वाटली तर दोन-तीन आठवड्यांनी परत बघा, हवा लागल्यावर बऱ्याच सुधारतात. पण बाटली तिसऱ्या हिश्श्यावर आली की हवा जास्त होते आणि काही महिन्यांत चव सपाट व्हायला लागते, तेव्हा उरलेली लहान काचेच्या बाटल्यांत गळ्यापर्यंत भरून ठेवा. खोकल्याच्या औषधाच्या बाटल्या नकोत, कितीही धुतल्या तरी वास जात नाही, नवीन घ्या, वीस-तीस रुपयांत मिळतात. आणि प्रत्येक बाटलीवर टोपणनाव, पिंप नंबर, टक्के आणि भरल्याची तारीख लिहून चिकटवा, नुसतं ‘बर्नसाइड’ लिहिलंत तर सहा महिन्यांनी ती कुठल्या बॉटलरची, कुठल्या पिंपातली होती हे कुणालाच सांगता येणार नाही.